गावाचं पाणी आधी ओळखा: कोल्हापुरात शेतकरी कुटुंबांसोबत हवामान बदलाचं काम सुरू करताना

हा लेख गावात नव्यानं काम सुरू करणाऱ्या पोरापोरींसाठी आहे. कुणी कृषी पदविका करून घरी परतलंय, कुणाला एखाद्या संस्थेनं दहा गावं सोपवलीत, कुणी बचत गट बघतंय, तर कुणी आपल्याच चार एकरांच्या बांधावर उभं राहून विचारतंय, यंदा पेरायचं काय आणि कधी. मी पंचगंगेकाठच्या शेतकरी घरातली. २०१९ चा पूर ओसरल्यावर घरातला गाळ उपसता उपसता या कामाला लागले. तेव्हापासून जे चाललं आणि जे फसलं, ते इथं पायरीपायरीनं मांडते.

गावात गेल्यावर पहिले काही महिने ‘हवामान बदल’ हा शब्द काढूच नका. “पाऊस पहिल्यासारखा राहिलाय का?” एवढंच विचारा. म्हातारी माणसं दुपारभर बोलतील. रोहिणी निघाली की पेरणीची तयारी, मृगात पेरणी, तरण्या (पुनर्वसू) पावसात भाताची रोपलावण, हत्तीच्या (हस्त) पावसाआधी काढणीची लगबग, असं सगळं नक्षत्रांवर बांधलेलं होतं. ते आता जुळत नाही, हे त्यांना तुमच्याआधी कळलंय. शिकवायला जाताय असं मनात असेल तर ते आधी काढून टाका.

माझं सगळं सांगणं एकाच गोष्टीभोवती आहे. आधी आपल्या गावाचं पाणी ओळखा. ते येतं कुठून, चढतं किती वेळात, थांबतं किती दिवस, आणि हवं तेव्हा दडी कशी मारतं. बी, वाण, विमा, योजना हे सगळं त्यानंतर.

जिल्हा एक, पण पाऊस एक नाही

गगनबावड्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. तिथून शंभरेक किलोमीटरवरच्या शिरोळमध्ये जेमतेम पाचशेच्या आसपास. आणि सगळ्यात कमी पावसाचं शिरोळच पुरात सगळ्यात जास्त दिवस पाण्याखाली असतं, कारण वरचं सगळं पाणी तिथं गोळा होतं. पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. कृष्णाच तुडुंब असेल तर पंचगंगेला पुढं जायला वाट राहत नाही. पाणी मागं सरतं, फुगतं. त्यामुळं पाऊस उघडला, ऊन पडलं, तरी काठावरच्या गावात पाणी चढत राहू शकतं. नव्या माणसाला हे लवकर पटत नाही. “आता काय होतंय, पाऊस थांबलाय की” असं म्हणून जनावरं न हलवलेली घरं मी पाहिली आहेत.

म्हणून राधानगरी, भुदरगड, शाहूवाडीच्या डोंगरातल्या गावाला जो सल्ला द्याल तो कागल-हातकणंगल्याच्या माळाला चालणार नाही, आणि माळाचा सल्ला नदीकाठच्या मळीला चालणार नाही. जिल्ह्यात १२ तालुके आहेत. एकच छापील पत्रक घेऊन सगळीकडं फिरू नका.

बदललंय काय, हेही नीट समजून घ्या. वर्षाच्या बेरजेपेक्षा पावसाची रीत बदलली आहे. पाऊस थोड्या दिवसांत कोसळतो आणि मधले खंड लांबतात. अरबी समुद्र तापतो, हवेत बाष्प जास्त येतं आणि ते एकदम रितं होतं. मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या भागावर एकदम कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात तिपटीनं वाढल्या, असं पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांच्या अभ्यासात आलंय. आपल्याकडं २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये, दोन वर्षांच्या अंतरानं, कोल्हापूरजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. २००५ चा पूर ज्यांनी ‘असा पूर पुन्हा होणे नाही’ म्हणून सोडून दिला होता, त्यांनीच हे दोन्ही पूर पाहिले.

पहिली पायरी: म्हाताऱ्यांबरोबर शिवार फिरा

वही, पेन आणि मोजायचा टेप घ्या. गावातल्या दोन-तीन जुन्या माणसांना बरोबर घ्या. त्यात एखादी आजी असायलाच हवी, कारण घरात पाणी कुठवर आलं होतं ते पुरुषांपेक्षा बायकांना नेमकं आठवतं. नदीपासून सुरुवात करून पाणंदीनं वर चला आणि प्रत्येक ठिकाणी तीनच प्रश्न विचारा. २००५ ला कुठवर? २०१९ ला कुठवर? २०२१ ला कुठवर?

एका घरी मी हे विचारलं तेव्हा आजी उठल्या, देव्हाऱ्याशेजारच्या भिंतीवरचं कॅलेंडर बाजूला केलं आणि बोट ठेवलं. वरून दोनदा चुना मारलेला, तरी खाली तपकिरी रेघ दिसत होती. “ही एकोणीसची. एकवीसची हितं, चार बोटं खाली. कणगी त्या माच्यावर हुती म्हणून वाचली बघ.” मी टेप लावला. जमिनीपासून साडेचार फूट. त्या घराचा माचा आता पाच फुटांवर आहे. एवढं एक मोजमाप हातात असलं की पुढचं बोलणं सोपं होतं.

या खुणा विजेच्या खांबांवर, देवळाच्या कट्ट्यावर, शाळेच्या भिंतीवर ऑइलपेंटनं मारून घ्या. सरपंचांना आधी विचारा, बहुतेक जण स्वतः रंग आणून देतात.

दुसरी पायरी: बंधाऱ्याचा आकडा आणि आपली पाणंद जोडा

कसबा बावड्याजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. पावसाळ्यात हा आकडा रोज, आणि पूर असला की तासातासाला, सगळ्यांच्या फोनवर फिरतो. पण ‘४१ फूट’ म्हणजे आपल्या गावात काय, हे फार थोड्यांना सांगता येतं. ते सांगता येणं हेच तुमचं काम.

एका पावसाळ्यात रोज सकाळी दोन गोष्टी लिहा: बंधाऱ्याची पातळी, आणि गावात पाणी कुठं आहे. समजा ३६ फुटांना मळीतली मोटर बुडते, ३९ ला पाणंदीतली मोरी जाते, ४२ ला खालच्या गल्लीतल्या गोठ्यांत पाणी शिरतं, ४४ ला डांबरी रस्ता बंद होतो. अशी सहा-सात ओळींची यादी झाली की ती मोठ्या अक्षरात लिहून दूध संस्थेच्या भिंतीवर लावा. ग्रामपंचायतीपेक्षा दूध संस्था बरी, तिथं रोज सकाळ-संध्याकाळ प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी किटली घेऊन येतंच. पाणी कुठल्या आकड्याला काय करतं हे कळलं, की घर स्वतःच ठरवतं: ३६ च्या आधी मोटर काढायची, ४० च्या आधी म्हशी हलवायच्या.

यातच राधानगरीचे दरवाजे धरा. राजर्षी शाहू महाराजांनी सुरू केलेल्या या धरणाला ७ स्वयंचलित दरवाजे आहेत. धरण भरलं की ते पाण्याच्या दाबानं आपोआप उघडतात, आणि एका दरवाजातून १,४२८ क्युसेक (सेकंदाला तितके घनफूट) पाणी पंचगंगेला मिळणाऱ्या भोगावतीत येतं. ‘पाच दरवाजे उघडले’ ही बातमी ऐकल्यावर आपल्या काठावर पाणी किती वेळानं चढतं, तेही वहीत लिहा. दोन वर्षांत तुमच्या गावाचा स्वतःचा अंदाज तयार होतो. शिरोळच्या गावांनी यात कृष्णेची पातळीही धरायला हवी. नृसिंहवाडीचा दक्षिणद्वार सोहळा झाल्याचं, म्हणजे पुराचं पाणी दत्तमंदिरात पादुकांवरून वाहून दक्षिण दारातून बाहेर पडल्याचं कळलं की तिकडची जाणती माणसं कामाला लागतात. पिढ्यान्पिढ्या वापरातली ही खूण आहे, तीही यादीत घाला.

तिसरी पायरी: पावसाचा डबा

बाजारातलं पर्जन्यमापक मिळालं तर उत्तम. नसेल तर सरळ भिंतीचा, तळ सपाट असलेला पत्र्याचा डबा आणि मिलिमीटरची पट्टी पुरते. झाड, छप्पर, भिंतीपासून लांब, मोकळ्या जागी तो घट्ट बसवा. रोज सकाळी साडेआठला मोजा, कारण हवामान खात्याचा दिवस साडेआठलाच संपतो आणि आकडे ताडून बघता येतात. मोजलं की डबा रिता करा. हे काम शाळेतल्या आठवी-नववीच्या मुलींना द्या. त्या एक दिवस चुकवत नाहीत.

१ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ चौरस मीटरवर १ लिटर पाणी. म्हणजे १० मिलिमीटर पावसात १ एकरावर ४०,००० लिटर पडलं. हा हिशेब गावात सांगून बघा, माणसं थांबून ऐकतात.

डब्याची किंमत मला माझ्या चुकीनं कळली. कामाच्या दुसऱ्या वर्षी जूनमध्ये दोन दिवस चांगला पाऊस झाला. फोनवरचा अंदाज बघून मी एका घरात सांगितलं, “पेरा आता, पाऊस लागलाय.” त्यानंतर अठरा दिवस आभाळ कोरडं. सोयाबीन निम्मं उगवलं, निम्मं मातीतच वाळलं. त्या घराला दुसऱ्यांदा बियाणं आणावं लागलं. वहिनी मला एका शब्दानं बोलल्या नाहीत, उलट चहा ठेवला. ते मला अजून लागून राहिलंय. पुढच्या वर्षी डबा बसवल्यावर कळलं, की दोन दिवसांचा ‘चांगला’ वाटणारा पाऊस कधी कधी ३५-४० मिलिमीटरच भरतो. कृषी विभाग ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका म्हणतो. तो आकडा आता मी तोंडानं सांगत नाही, डब्याकडं बोट दाखवते.

महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला तर अतिवृष्टी धरली जाते. मंडळाचं मापक तुमच्या शिवारापासून दोन गावं लांब असू शकतं. तुमच्या डब्याला सरकारी किंमत नाही, हे खरं. पण तारीखवार वही समोर ठेवून पंचनाम्याची मागणी केली, की बोलण्याला वजन येतं.

फोनवर ‘मेघदूत’ आणि ‘दामिनी’ ही दोन ॲप घाला. मेघदूतवर जिल्ह्याचा अंदाज आणि पीकसल्ला मिळतो, दामिनी वीज कुठं पडतेय ते दाखवतं. वळवाच्या दिवसांत शेतात असणाऱ्या प्रत्येकाच्या फोनवर दामिनी हवंच. यलो, ऑरेंज, रेड म्हणजे अनुक्रमे लक्ष ठेवा, तयारीत राहा, कृती करा, एवढं घरातल्या सगळ्यांना पाठ पाहिजे.

चौथी पायरी: बियाणं, पेरणी आणि धूळवाफ

सोयाबीनचं घरचं बी असेल तर मे महिन्यात उगवण तपासा. गोणपाटाचा तुकडा भिजवा, त्यावर दहा-दहाच्या दहा ओळींत १०० दाणे मांडा, गुंडाळी करून सावलीत ठेवा आणि रोज पाणी शिंपडा. आठवड्याभरात उघडून मोजा. ७० किंवा जास्त कोंब आले तर बी पेरण्याजोगं. कमी आले तर बियाण्याचं प्रमाण वाढवा, फारच कमी असेल तर बदला. हे अंगणात, सगळ्या घरासमोर करा. गुंडाळी उलगडताना पोरं मोजायला जमतात, आणि बापाचं ‘माझं बी चांगलंय’ हेही तिथंच ठरतं.

पेरणी रुंद वरंबा-सरीवर किंवा टोकणीनं करा. पाऊस जास्त झाला तर सरीतून पाणी निघून जातं, खंड पडला तर वरंब्यात ओल टिकते. एकाच पद्धतीनं दोन्ही धोके सांभाळले जातात म्हणून मी तिचा आग्रह धरते.

पश्चिमेकडच्या भातपट्ट्यात, म्हणजे राधानगरी, भुदरगड, आजरा, पन्हाळा, शाहूवाडीत, मे अखेरीस कोरड्या मातीत धूळवाफ पेरणी करतात. मोठ्या अनुभवातून आलेली ही पद्धत आहे. पण २०२५ सारखं वर्ष आलं, की पाऊस मेमध्येच कोसळतो. त्या वर्षी मान्सून २४ मे ला केरळात आणि २६ मे ला मुंबईत पोचला होता. शेतात वाफसाच आला नाही तर धूळवाफ करायची कुठं? अशा वेळी हाताशी रोपवाटिका असावी लागते. म्हणून सगळं क्षेत्र एकाच पद्धतीवर टाकू नका असं सांगा: थोडी धूळवाफ, थोडं रोपावर. गादीवाफ्यावर थोडं जास्तीचं रोप टाकून ठेवलं, की कुणाची पेरणी वाहून गेली तरी शेजाऱ्याकडून रोप मिळतं. पैऱ्यानं, म्हणजे एकमेकांच्या शेतात आळीपाळीनं राबून, लावणी करणाऱ्या गावांना ही देवाणघेवाण शिकवावी लागत नाही, आठवण करून दिली की पुरे.

उताराच्या जमिनीवर नाचणी सोडलेली घरं बरीच आहेत. तिला पाणी कमी लागतं आणि पावसाचा खंड ती सोसते. कोल्हापूरच्या कृषी संशोधन केंद्रात नाचणीवर काम होतं, वाणाची चौकशी तिथं करा. आजऱ्याच्या घनसाळ भाताला भौगोलिक मानांकन आहे, ज्यांच्याकडं तो आहे त्यांनी तो सोडू नये असं मला मनापासून वाटतं.

पाचवी पायरी: उसाबद्दल बोलताना

नवी माणसं इथं हमखास चुकतात. गावात जाऊन ‘ऊस कमी करा’ म्हणतात आणि पुढच्या बैठकीला कुणी येत नाही. सोसायटीचं कर्ज उसावर मिळतं, कारखान्याचं बिल खात्यावर येतं, पोरीचं लग्न त्यावर ठरतं. त्या घराला दुसरं इतकं भरवशाचं काही दाखवल्याशिवाय तुम्हाला ते वाक्य उच्चारायचा अधिकार नाही. उसातच काय बदलता येईल, तिथून सुरुवात करा.

पूरपट्ट्यात लागणीची वेळ बघा. आडसाली लागण जुलै-ऑगस्टची, म्हणजे कोंब जमिनीबाहेर येतात तेव्हाच पाणी येतं. पूर्वहंगामी, ऑक्टोबर-नोव्हेंबरची लागण पुढच्या पावसाळ्यापर्यंत उंच झालेली असते. शेंडा पाण्याबाहेर राहिला तर ऊस तग धरतो. २०१९ सारखं डोक्यावरून पाणी गेलं तर काहीच उपयोग नाही, हेही सांगा. पण दरवर्षी एकोणीस होत नाही. छोट्या पुरात हा फरक वर्षाचं बिल वाचवतो.

पूर ओसरल्यावर लगेच फडात शिरू नका, ओल्या जमिनीत मुळं तुडवली जातात. आधी चर काढून पाणी बाहेर काढा. पाय टिकायला लागले की फडात चार-पाच ठिकाणी एकेक शेंडा विळ्यानं उभा चिरून बघा. आतला कोंब पांढरा आणि टणक असेल तर ऊस जगेल. तो तपकिरी, मऊ आणि आंबूस वासाचा असेल तर शेंडा गेला. तो ऊस आता वाढणार नाही, बाजूचे डोळे फुटून पांगशा येतील आणि साखर घटेल. असा फड कारखान्याच्या गट ऑफिसला नोंदवून लवकरची तोड मागा. चिटबॉयला, म्हणजे कारखान्याच्या शेतावर फिरणाऱ्या माणसाला, फडात आणून चिरलेला शेंडा दाखवा, नुसतं तोंडी सांगून भागत नाही.

लागण वाहून गेलेल्यांसाठी एक डोळ्याची ट्रेमधली रोपं हा चांगला आधार आहे. साडेचार फुटी सरीत दोन फुटांवर रोप लावलं तर एकरी साधारण ४,८०० रोपं लागतात. तोवर पाणी उतरतं, आणि महिन्याचं वय रोपवाटिकेतच झालेलं असतं. गावातल्या दोन पोरांनी मिळून रोपवाटिका उंचावर टाकली तर त्यांनाही पैसा मिळतो.

आणि पाचट, म्हणजे उसाचा वाळका पाला. पेटवलेला फड रात्री लांबून दिसतो तेव्हा मला आत तुटतं. एकरी तीन-चार टन पाचट निघतं, ते सगळं जमिनीचं खाद्य आहे. तोडणीनंतर बुडखे जमिनीलगत छाटा, पाचट एकाआड एक सरीत दाबा, टनाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धक टाका आणि पाणी द्या. पाचटाखाली ओल टिकते, तण दबतं, आणि उन्हाळ्यात दोन पाळ्यांमधलं अंतर वाढवता येतं. एप्रिल-मेमध्ये नदीतून पाणी उपसायला बंदी आली की पाचट ठेवलेला खोडवा (तोडीनंतर पुन्हा फुटलेला ऊस) आणि जाळलेला खोडवा शेजारी शेजारी उभे करून दाखवा. पाचट ठेवलेल्या सरीत हात घातला की गारवा लागतो, दुसरीकडं ढेकूळ फुटत नाही. माझ्या कुठल्याही भाषणापेक्षा तो हात जास्त बोलतो.

जादा पाण्यानं क्षारपड झालेल्या शिरोळच्या जमिनींत सच्छिद्र पाईपचा भूमिगत निचरा करून पुन्हा पिकं उभी राहिली आहेत. ते शिवार तरुणांना एकदा तरी दाखवून आणा.

हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी, पाऊस-उन्हाच्या नव्या चालीत फार त्रास देते. पहिला वळीव झाला की संध्याकाळी तिचे भुंगेरे कडुलिंब, बाभळीवर बसतात. पोरांनी बॅटरी आणि काठी घेऊन फांद्या हलवायच्या, पडलेले भुंगेरे रॉकेलमिश्रित पाण्यात टाकायचे. मात्र एकट्याच्या शेतात करून काही होत नाही, सगळ्या शिवारानं एकाच आठवड्यात करायला हवं.

सहावी पायरी: गोठा

शेतातलं पीक गेलं तर घर वर्षभर ओढत नेतं. म्हैस गेली तर दुसऱ्या दिवशीच्या खर्चाला पैसे राहत नाहीत. म्हणून गोठ्याची तयारी मे महिन्यातच व्हावी.

उंचावरच्या गावातला पाहुणा आधी ठरवा. कुणाच्या किती म्हशी कुणाच्या गोठ्यात जातील, वैरणीचं काय, दुधाचं काय, हे आधीच बोललेलं असावं. ऐन पुरात बोलायला लागलं तर नाती ताणली जातात. घटसर्प आणि फऱ्याची लस पावसाआधी टोचून घ्या. कानातल्या बिल्ल्याचा १२ अंकी नंबर जनावरासकट फोटोत घ्या आणि दोन फोनवर ठेवा. गोठ्याच्या दाराशी एक धारदार विळा टांगलेला असावा. पाणी अचानक शिरलं तर गाठ सोडत बसायला वेळ नसतो, दावं कापायचं. बांधलेलं जनावर पोहू शकत नाही.

पुरात वैरण मिळत नाही, कारण मळीच पाण्याखाली असते. मका चिकात असताना कापून, कुट्टी करून, पिशवीत दाबून मुरघास केला तर साधारण ४५ दिवसांत तो खायला येतो आणि महिनोन् महिने टिकतो. ज्यांची दोनच जनावरं आहेत त्यांनी चार घरं मिळून कुट्टी मशिन आणावं.

उन्हाळ्याचंही बघा. म्हशीची कातडी काळी आणि घाम कमी, तिला ऊन गाईपेक्षा जास्त लागतं. दुपारी ओलं गोणपाट, चोवीस तास समोर पाणी आणि वैरण पहाटे व रात्री, एवढ्यानंसुद्धा दुधाची घट कमी होते.

सातवी पायरी: कागद

कंटाळवाणं काम आहे, पण यानं घर सावरतं. ई-पीक पाहणी प्रत्येक हंगामात मुदतीत करा. सातबाऱ्यावर पीकच नसेल तर भरपाई कशाची मागणार? गावातली बारावीची मुलं एका रविवारी पन्नास खातेदारांची नोंद करू शकतात.

१ रुपयातला पीकविमा २०२३ च्या खरिपात आला आणि २०२५ च्या खरिपापासून बंद झाला. आता शेतकऱ्याला हप्ता भरावा लागतो, खरिपातल्या अन्नधान्य आणि गळीत पिकांना विमा रकमेच्या २ टक्क्यांपर्यंत. नियम बदलत राहतात, त्यामुळं कुठलं नुकसान धरतात ते हंगामाच्या सुरुवातीला कृषी कार्यालयात विचारून लिहून घ्या. ऊस या विम्यात येत नाही, हे कित्येकांना माहीत नसतं. उसाचं नुकसान झालं तर सरकारी पंचनामा हाच आधार, आणि त्यात ३३ टक्के किंवा जास्त नुकसान दिसावं लागतं. तलाठी येईपर्यंत पाणी उतरलेलं असतं, म्हणून पाणी असतानाच बांधावरचं झाड, खांब, विहीर दिसेल असा फोटो काढा.

सातबारा, आठ-अ, आधार, पासबुक प्लॅस्टिकच्या पिशवीत, आजींच्या माच्याहून उंच ठेवा.

मदत खात्यावर येते ती सातबाऱ्यावर नाव असलेल्याच्या. राबणारी बाई त्यात नसते. किमान बैठकीत तरी ती असू द्या. बैठक संध्याकाळच्या धारा झाल्यावर ठेवा, म्हणजे बायका येतील.

पोरांना यात काय

गावातला निम्मा तरुण शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या एमआयडीसीत पाळीला जातो. त्याला ‘शेतीत परत ये’ म्हणणं सोपं आहे, पगार कोण देणार? त्याच्याकडून तेवढंच मागा जे तो देऊ शकतो: फोनवरची पातळी, ई-पीक पाहणी, रात्रपाळीहून येताना पुलावरचं पाणी बघून ग्रुपवर टाकणं. जे पूर्ण वेळ गावातच आहेत त्यांच्यासाठी रोपवाटिका, मुरघास, पाचट कुट्टीचं भाड्याचं यंत्र ही खरी कामं आहेत. त्यातलं एकच निवडा. प्रशिक्षणासाठी तळसंदे आणि कणेरी इथं कृषी विज्ञान केंद्रं आहेत.

आणि ज्या घरात सलग दोन पुरांनी कंबर मोडलीय, तिथं योजना सांगायला जाऊ नका. नुसतं बसा. घरातला कर्ता माणूस बोलायचा बंद झाला असेल, तर त्याच्या भावाला, मित्राला, गावच्या आरोग्य सेविकेला सांगा. हे ‘आपलं काम नाही’ म्हणून सोडू नका.

शेवटची पायरी: २ ऑक्टोबर

पावसाळाभर लिहिलेली वही घेऊन २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत उभे राहा. किती दिवस खंड पडला, किती फुटांना कुठली वाट बंद झाली, किती गोठ्यांत पाणी आलं, हे वाचून दाखवा. मग दोनच ठराव मागा, जास्त नकोत: पाणंदीतली मोरी मोठी करायची, किंवा गावठाणातल्या उंच जागेवर जनावरांसाठी शेड उभारायची, जे तुमच्या वहीत ठळक दिसतं ते. ग्रामपंचायतीचा पुढच्या वर्षाचा आराखडा त्यानंतरच्या महिन्यांत ठरतो, तिथं ही कामं आली का ते बघत राहा. ग्रामपंचायतीला वहीची झेरॉक्स द्या. मूळ वही शाळेतल्या त्याच मुलींकडं राहू दे, मृगाआधी त्यांना नवी पानं आखायची आहेत.